गाढवाचं सिंहासन

जंगलात नुकतेच कॉम्प्युटर आले होते, त्या काळची गोष्ट. चिमखडी नावाची खार कॉम्प्युटरवर चित्रं करायची. प्राणी ती स्वतः काढायची. खुर्च्या, हंडे, तलवारी मात्र इंटरनेटवरून तयार उचलायची.

सिंहाने तिच्याकडून सिंहासनावर बसलेलं आपलं चित्र करून घेतलं. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या जंगलातल्या गाढवाचं चित्र झळकलं. सिंहासन तेच, इंटरनेटवरून उचललेलं!

सिंह गरजला, "आठ दिवसांत माझं वेगळं सिंहासन हवं, नाहीतर तुला खाईन."

"दुसरं तयार शोध," कावळा तिला म्हणाला. "स्वतः घडवायला शिकण्यात जन्म जाईल."

"आणि तेही उद्या एखाद्या डुकराकडे निघालं तर?" असं म्हणून खार शिकायला बसली.

पहिलं सिंहासन भोपळ्यासारखं झालं, दुसरं संडासासारखं. आठव्या दिवशी चित्रात तिसऱ्यावर सिंहाला बसवून ती ते चित्र घेऊन दरबारात गेली. सिंहासनाचा एक पाय आखूड होता, पाठ वाकडी होती.

सिंहाने ते बराच वेळ न्याहाळलं. "असं आणखी कुणाकडे आहे?"

"नाही महाराज. इतकं वाईट दुसऱ्या कुणाला जमणारच नाही."

"वा!" सिंह खूश होऊन म्हणाला. "आता मुकुटही असाच कर."