हजार दिवसांची ढाल

अभियांत्रिकी व्यवस्थापनाच्या रविवारच्या वर्गात कारखान्याचे संचालक रणदिवे शिकवायला आले ते बक्षिसाची ढाल घेऊनच. "आमच्या कारखान्यात सलग हजार दिवस एकही अपघात झाला नाही! याला म्हणतात नेतृत्व," असं म्हणत त्यांनी ती टेबलावर मांडली. मग गटांना अभ्यासाला त्याच कारखान्यातलं, खरंच घडलेलं प्रकरण दिलं. हजार दिवस भरल्याच्या पुढच्याच दिवशी पत्रा दाबणाऱ्या प्रेस यंत्रात सापडून भिवा लोंढे हा कामगार गेला, तर चूक कोणाची?

हेमांगी तोडकरही या वर्गात शिकत होती. ती त्याच कारखान्यात सुपरवायझर होती. प्रेसची संरक्षक जाळी तुटल्याची तिची तीन पत्रं रणदिवेसाहेबांच्या ऑफिसातल्या टेबलावर धूळ खात पडली होती. भिवाचा डबा अजून तिच्या कपाटात होता.

साहेबांचा चेहरा बघून बाकीच्या गटांनी लिहिलं, 'कामगाराचा निष्काळजीपणा.'

"तुमच्या गटाचं काय?" साहेबांनी विचारलं.

हेमांगी उठली. "साहेब, ते हजार दिवसही प्रेसवर भिवाच होता. पण ढाल त्याला नाही, तुम्हाला मिळाली. म्हणजे सुरक्षेचा कारभार तुमचा होता. मग त्या एका दिवसापुरता तो भिवाकडे कधी सोपवलात?"

साहेबांनी ढाल बॅगेत घातली.

हेमांगीला मात्र जिंकल्यासारखं वाटलं नाही. उद्या तो डबा भिवाच्या घरी पोचवायचा होता.