हिंदाच्या निरोपाचे फटाके

फुटबॉलमधलं मला जेवढं कळतं तेवढं अख्ख्या कोल्हापुरात कुणाला कळत नाही. असं मी म्हणतो. बाकीचे म्हणतात, शिरप्याला चेंडू गोल असतो एवढंच कळतं, आणि तेही हातात घेऊन बघितल्यावर.

असो.

“वस्ताद, ठेवायचा का सोडायचा?”

हा प्रश्न आमच्या उंबर तालमीत सकाळपासून चालला होता. विषय हिंदुराव मगदूमचा. आमचा स्टॉपर बॅक, म्हणजे गोलसमोरची भिंत. सीझनची नोंदणी तोंडावर आली होती आणि त्याचा करार संपला होता. हल्ली आमच्यातही करार असतो बरं का. पूर्वी आई ताटात भाकरी वाढताना विचारायची, “यंदा कुठल्या तालमीकडनं खेळतोस रे?” तोच करार.

निम्मी तालीम म्हणत होती, ठेवा.

निम्मी म्हणत होती, चेंडू आज येतो आणि त्याचा गुडघा पुढच्या दिवाळीला.

मी ठेवा म्हणणाऱ्यांचा पुढारी. कारण आदल्या दिवशी हिंदा माझ्याजवळ येऊन बसला होता. बराच वेळ गुडघ्याची पट्टी सोडून परत बांधत होता.

“शिरपादादा, एक सीझन. एकच. मग माझा मी थांबतो.”

“झालं म्हणून समज,” मी म्हणालो होतो. शब्द द्यायला मला कधीच कष्ट पडत नाहीत.

आमच्यात असं आहे, की पंचांची मतं निम्मी निम्मी पडली की मीरासाहेब वस्ताद सांगतील ते शेवटचं. वस्ताद स्वतः बॅकला खेळलेले. आता डोळ्यांना फारसं दिसत नाही. मॅच असली की गोलच्या मागं बसून ऐकतात. चेंडू कुणाच्या पायाला लागला ते आवाजावरनं सांगतात. दोनदा चुकतात, पण आम्ही सांगत नाही.

वस्ताद आखाड्याच्या कडेला बसले होते. आता तुम्हाला वाटेल, त्यांनी आखाड्यातली मूठभर माती उचलली आणि काहीतरी खोल बोलले. मलाही तसंच वाटलं होतं. ते पाठ खाजवत होते.

बाहेर मैदानाकडनं चेंडू भिंतीवर आपटल्याचा आवाज येत होता. हिंदा एकटाच मारत होता.

“शिरप्या,” वस्ताद म्हणाले, “चांदणी पेठेत जा.”

सगळ्यांनी माना वर केल्या. चांदणी पेठ म्हणजे ओढ्यापलीकडची. आमचं त्यांचं सात पिढ्यांचं वैर. लग्नात एका पंगतीला बसतो, पण एकमेकाला वाढत नाही.

“जाऊन काय करू?”

“सांग, उंबर तालमीनं हिंदाला सोडला.”

“आणि?”

“फटाके वाजले तर त्याला ठेवू.”

वा! मला पटकन उमगलं. जो नडतो तो गेला तरच समोरचा नाचतो. आणि हिंदा चांदणी पेठेला किती वर्षं नडला! पोरगेला होता तेव्हाच त्यांनी त्याचं नाव म्हसोबा ठेवलं. शेंदूर फासून वेशीत बसवल्यासारखा उभा राहायचा. त्यांची गच्चीवर बसलेली बायामाणसंसुद्धा ओरडायची, “ए म्हसोबा, हल की रं!” तो हलायचा नाही. त्यांचा फॉरवर्ड येऊन आपटायचा, चेंडू इकडं आणि फॉरवर्ड तिकडं. आमची पोरं उंबराच्या झाडावर चढून पत्र्याचे डबे बडवायची. ते झाड पडलं. डबे कुठं गेले कुणास ठाऊक.

मी शर्ट बदलून निघालो. खिशात लवंगीची माळ होतीच. चांदणी पेठ हरली की लावायला मी ती बारा महिने बाळगतो.

त्यांच्या कट्ट्यावर सर्जेराव बसला होता. त्यांचा जुना फॉरवर्ड. आता पोट सुटलंय. भोवती सात-आठ जण.

“काय रे शिरप्या, वाट चुकलास?”

“बातमी आणलीय. पेढे काढा. आम्ही म्हसोबाला सोडला.”

मी मागं सरकून उभा राहिलो. म्हटलं, आता फटाके वाजणार, गुलाल उडणार, आपला शर्ट जाणार.

काहीच झालं नाही.

सर्जेरावानं पँट वर सरकवली. नडगीवर पांढरा वण होता, बोटभर लांब.

“हा त्याचा,” तो म्हणाला. “पावसातली मॅच. मी एकटाच पुढं होतो, गोलकीपर पण पडलेला. म्हटलं झालाच गोल... कुठनं आला कुणाला ठाऊक.”

“मी गच्चीवर होतो,” एकजण म्हणाला. “आईवरनं शिव्या दिल्या त्याला.”

“मग थांबून त्यानंच मला उचलला,” सर्जेराव म्हणाला. “खांद्यावर टाकून बाहेर नेला. आमच्यातलं कुणी आलं नव्हतं, चिखल होता म्हणून.”

त्यानं पँट खाली केली.

“गुडघा कसा आहे रे त्याचा?”

“बरा आहे की,” मी म्हणालो.

“कसला बरा. गेल्या सीझनच्या शेवटच्या मॅचला बघितला. आमचं नवीन पोरगं त्याच्या अंगावरनं गेलं. मी उठून ओरडणार होतो, पण... आवाजच फुटंना.” त्यानं आत हाक मारली. “ए, शिरप्याला चहा आण.”

चांदणी पेठेचा चहा. माझ्या बापानं ऐकलं असतं तर बाप परत मेला असता.

मी प्यालो. साखर जास्त होती.

निघताना सर्जेराव म्हणाला, “त्याला म्हणावं, आता बस. आम्ही विचारलंय म्हणून सांग.”

ओढ्याच्या पुलावर आलो आणि थांबलो. इकडं तालीम, तिकडं पेठ. दोन्हीकडं सामसूम. हिंदाचा चेंडू मात्र अजून भिंतीवर आपटत होता, पुलापर्यंत ऐकू येत होता.

मी शब्द दिला होता. अट फटाक्यांची होती.

मी बिडी पेटवली आणि बिडीनं माळ.

काय वाजली हो! एवढीशी माळ, पण ओढ्यात आवाज घुमला की दहा माळांचा होतो. कुत्री पळाली. तालमीकडनं आरडाओरडा ऐकू आला, “वाजले! वाजले!” मी छाती काढून चालत गेलो. पोरांनी मला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं.

वस्तादांनी हात पुढं केला. मला वाटलं शाबासकी. त्यांनी माझा पंजा धरला, नाकाशी नेला, सोडून दिला.

“ते काय करत होते?”

“कोण?”

“पेठ.”

“...बसले होते.”

“तुला काय दिलं?”

मी इकडंतिकडं बघितलं. “चहा.”

एकानं गुलालाची पुडी काढली होती, ती परत खिशात घातली.

“पण वस्ताद,” मी म्हणालो, “फटाके तर वाजले ना? ते कुणी लावायचे हे ठरलं नव्हतं.”

वस्तादांनी कान दाराकडं लावला. भिंतीवरचा चेंडू थांबला होता.

दारात हिंदा उभा. काखेत चेंडू, अंगभर घाम, तोंडावर हसू.

“फटाके कशाचे वाजले, वस्ताद?”

मी तोंड उघडलं.

“तुझ्या निरोपाचे, बाळा,” वस्ताद म्हणाले. “शिरप्यानं लावले. दुसरं कुणी लावंना म्हणून.”