शेवटच्या कोटाआधीचा अर्धा तास

“चाचा, त्या डब्यात नक्की काय असतं?”

“पाणी.”

“नुसतं पाणी?”

“नुसतं पाणी.”

सुहृद पाटणकर हसला. असलं उत्तर ऐकायला तो दर शुक्रवारी सांगलीहून मिरजेला येत नव्हता.

बाबालाल मुजावर हे मिरजेतले जुने पॉलिशवाले. आधी सतारी, बाजाच्या पेट्या, आणि अलीकडे गिटारी. त्यांच्या हातची गिटार उजेडात धरली की तिच्यात आपलं तोंड दिसायचं.

सुहृद इंजिनिअर होता. घरच्या गॅरेजमध्ये त्याने गिटारी बनवण्याचा संसार थाटला होता. कॉम्प्रेसर चाचांच्या कॉम्प्रेसरच्या दुप्पट मोठा. स्प्रे गन परदेशी. हवा गाळायला एक सोडून तीन फिल्टर.

तरी त्याने मारलेल्या लॅकरवर, त्या चकचकीत पॉलिशवर, खसखशीएवढे दाणे उठायचे आणि चाचांच्या लॅकरवर एकही नाही. हे त्याला सहन होत नव्हतं.

आधी त्याने थिनरवाल्यावर संशय घेतला आणि दुकान बदललं. मग शेजारच्या देसाईकाकूंवर घेतला, कारण त्या गच्चीत गाद्या झटकायच्या. त्यांच्याशी बोलणं बंद झालं, दाणे बंद झाले नाहीत. मग उरले चाचा.

त्याला कारणही होतं. चाचा सगळं दाखवत. गन किती लांब धरायची, हात कसा सरळ न्यायचा, कडेला पोचल्यावर का थांबायचं नाही, सगळं. शेवटच्या कोटाची, लॅकरचा शेवटचा हात मारायची, वेळ आली की मात्र म्हणत, “तू भाईर बस.”

मग ते तो झाकणाचा डबा घेऊन आत जात आणि कडी लावत.

त्यानंतर अर्धा तास आतून हूं की चूं नाही. कॉम्प्रेसरसुद्धा गप्प...

अर्धा तास माणूस डबा घेऊन करतो काय? सुहृदच्या मनात पाल चुकचुकली. म्हातारा हातचं राखतोय.

एरवी त्याने दम धरलाही असता. पण घरी त्याची पहिली गिटार शेवटच्या कोटासाठी तयार होती. अकरा महिन्यांचं काम. तिची पाठ आईच्या माहेरच्या शिसवी पलंगाच्या फळीची होती, आणि तशी फळी एकच उरली होती. आई रोज विचारायची, “माझा पलंग वाजायला लागला का रे?”

त्या शुक्रवारी चाचा जुम्म्याच्या नमाजाला गेले. डबा कोनाड्यात होता. सुहृदने खिशातली बाटली काढली आणि भरून घेतली. 

घरी येऊन त्याने वास घेतला. वास नव्हता. थेंब जिभेवर ठेवला. चव नव्हती. लिटमस कागद बुडवला. रंग बदलला नाही.

रंग नाही, वास नाही, चव नाही... म्हणजे नक्कीच काहीतरी भारी प्रकरण आहे, असं त्याच्या शिकलेल्या डोक्याने ठरवलं.

त्याने लॅकरमध्ये दहा थेंब टाकले. मग शंका नको म्हणून आणखी दहा.

गन दोनदा थुंकली. शिसवी पाठ डोळ्यांदेखत पांढरी पडली, दूध नासावं तशी.

त्याने गन खाली ठेवली. मग त्याला रडू आलं. आणि रडू ओसरल्यावर राग आला, अर्थातच चाचांचा.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गिटार चादरीत गुंडाळून तो मिरजेला आला.

“मुद्दाम ठेवला होतात ना तो डबा? मी घेणार, हे माहीत होतं तुम्हाला!”

चाचांनी चादर बाजूला केली. पाठीवरून अंगठा फिरवला.

“काय घातलंस ह्यात?”

“तुमच्या डब्यातलं.”

चाचा उठले. कोनाड्यातून डबा काढला. झाकण उघडलं. तोंडाला लावून दोन घोट प्यायले.

मग उरलेलं त्यांनी हातानं फरशीवर शिंपडलं.

“धूळ उडू नये म्हणून,” ते म्हणाले. “सांगितलं हुतं की तुला.”

सुहृदचे कान गरम झाले. “आणि दार लावून अर्धा तास?”

“बसतो.”

“काय करत?”

“काय न्हाई. हवेतली धूळ खाली येस्तवर गप बसतो. माणूस हलला की परत उडती.” त्यांनी सुहृदकडे बघितलं. “तू तर एका जागी बसतच न्हाईस.”

सुहृदने मान खाली घातली. आपल्याला शरम वाटते आहे हे त्याला कळत होतं, आणि गिटारकडे बघवत नव्हतं.

“ही वाचेल का, चाचा?”

“घासून काढायची. पर फळी पातळ हाय. एकदाच जमंल. दुसऱ्यांदा बिघडली तर लाकूड उरायचं न्हाई.”

पुढचे चार दिवस सुहृदने रजा टाकली आणि रोज मिरजेला येऊन पॉलिश पेपरने पाठ घासली. पांढरं गेलं, शिसवी रंग वर आला. पाचव्या दिवशी चाचा दारात उभे राहिले.

“आत ये.”

शेवटच्या कोटाच्या वेळी तो पहिल्यांदाच त्या खोलीत गेला. हातभर खोली. तारेला टांगलेला हूक, जुना कॉम्प्रेसर, दोन स्टुलं, वर झरोका. सुहृदने चारी कोपरे बघून घेतले. शेल्फच्या मागे बघितलं. काही नव्हतं.

गिटार हुकाला लावली. पाणी त्यानेच नळावरून आणलं, त्यानेच शिंपडलं. चाचांनी कडी लावली.

दोघं बसले.

झरोक्यातून उन्हाची तिरीप येत होती. तिच्यात धुळीचे कण नाचत होते. सुहृद कणांकडे कमी आणि चाचांच्या हातांकडे जास्त बघत होता. हात मांडीवर होते. एकदा चाचांनी खिशाकडे हात नेला, तसा सुहृद ताठ झाला. त्यांनी रुमाल काढून नाक पुसलं.

हळूहळू कण विरळ झाले. मग तिरीप रिकामी झाली.

चाचांनी कॉम्प्रेसर सुरू केला, मास्क चढवला आणि गन सुहृदच्या हातात दिली.

“मी?”

“पलंग कुणाच्या आईचा?”

सुहृदने मास्क लावला.  त्याने गन धरली, हात सरळ नेला, कडेला थांबला नाही. एक पट्टा, मग दुसरा. पातळ ओलावा शिसवीवर पसरत गेला आणि सपाट बसला.

कॉम्प्रेसर बंद झाला. दोघं पुन्हा गप्प बसून राहिले. लॅकर वाळलं तेव्हा सुहृद वाकून वाकून बघायला लागला. पाठीत त्याला स्वतःचं तोंड दिसलं. एक दाणा नव्हता.

त्याला आई आठवली. त्याने चाचांच्या पायांना हात लावला.

उठता उठता मात्र त्याची नजर कॉम्प्रेसरकडे गेली. तिथून नळीकडे. नळीकडून गनकडे...

“चाचा, खरंच इतकंच? आणखी काहीतरी असेलच की.”

चाचांनी मास्क काढून खुंटीला अडकवला. त्याच्याकडे बघून ते मायेनं हसले.

“खरं हुतं ते सांगून झालं. आता एखादं खोटं सांगू का? ते पटंल तुला.”