चौथी खेप

एकदा एका व्यापाऱ्यानं आपल्या गोदामात नऊ वर्षं खपून स्वतःच्या हातांनी एक विमान बांधलं. लहानसं, दोनच माणसांचं, पण भलतं वेगवान. ते तयार होईस्तोवर त्याची नजर अधू झाली. म्हणून चालवणारा निवडायचं काम त्यानं एका वृद्ध वैमानिक गुरूंवर सोपवलं. गुरूंचे शिष्य दोन, श्रीरंग आणि यशोधन. दोघांचीही हवेतली उमेदवारी साठेक तासांचीच.

गुरूंनी यशोधनला निवडलं.

श्रीरंगच्या पोटात जे दुखायला लागलं ते काही केल्या थांबेना. यशोधनला तर एका दमात उतरताही येत नसे. जमिनीपर्यंत यायचा आणि जरा मनासारखं झालं नाही की पुन्हा वर निघून जायचा. श्रीरंगनं अशी माघार एकदाही घेतली नव्हती. आता त्याला यशोधनच्या नव्या गॉगलचासुद्धा राग येऊ लागला. अखेर तो गुरूंकडे गेला.

"आबा, माझ्यात काय कमी आहे?"

"उद्या आपलं जुनं शिकाऊ विमान घे," आबा म्हणाले. "पाच वेळा धावपट्टीपर्यंत खाली ये आणि चाकं न टेकवता वर जा. सहाव्यांदा उतर."

"म्हणजे पंगतीला बसवून पाचदा उठवायचं," श्रीरंग पुटपुटला. पण गेला.

तीन वेळा तो खाली आला, वर गेला. चौथ्यांदा येताना धावपट्टीच्या कडेला व्यापारी आणि यशोधन हसताना दिसले. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. विमान तिरकं झालं होतं, तरी त्यानं ते तसंच टेकवलं. ते दोनदा उसळलं, कडेच्या गवतात शिरलं आणि थांबलं.

"सावरलं की नाही?" खाली उतरताच तो म्हणाला.

"सावरलंस," आबा म्हणाले. "पण टेकवायला कुणी सांगितलं होतं?"

"आबा, ते दोघं मला हसत होते."

"अरे, शेठजींची टोपी उडाली, त्याला हसत होतो," यशोधन म्हणाला.

आबांनी विचारलं, "टेकताना वेग किती होता?"

श्रीरंगला आठवेना. यशोधनचे दात मात्र अजून डोळ्यांपुढे होते.

आबा शांतपणे म्हणाले, "ज्या वाऱ्यानं टोपी उडवली, तोच तुझं विमान ढकलत होता. तुला हसणं दिसलं, वारा कळला नाही. हे विमान मंद आहे, चुका पोटात घालतं, म्हणून तू धडधाकट उभा आहेस. ते वेगाचं विमान जमिनीजवळ एवढी सवड देत नाही. बाळ, तुझ्या हातात काही कमी नाही. पण तू एकटा बसत नाहीस. यशोधनला कडेवर घेऊन बसतोस."

श्रीरंग विमानाकडे वळला. मग दोघं शिष्य विमान गवतातून बाहेर ढकलू लागले. ढकलता ढकलता श्रीरंगनं विचारलं, "यशा, वर परतायचं हे तू कधी ठरवतोस?"

"खाली यायला लागण्याआधीच. तिरकं झालं की वर, एवढं ठरलेलं असतं. मग लाज वाटायला वेळच मिळत नाही."

श्रीरंगनं मान हलवली आणि पंखाला नीट खांदा लावला.

आपलं तरी काय निराळं? शेजारच्या खिडकीकडे डोळे लावून आपण आपलाच जिना उतरत असतो.