ठमीबरोबर कोण आहे?

"पण ती येत का नाही, बुवा?" विश्वंभरनं विचारलं.

भानुबुवा ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"तू काय म्हणालास तिला?"

"सगळं समजावून सांगितलं. म्हटलं, थंडी वाढते आहे, खोकला छातीत उतरलाय तुमच्या. मठात ओवरी रिकामी आहे, घोंगडी आहे, गरम जेवण आहे. फक्त कुत्री तेवढी सोडा."

"आणि?"

"म्हटलं, मोह हेच दुःखाचं मूळ आहे."

"हे खोकणाऱ्या बाईला सांगितलंस?"

विश्वंभरनं खाली पडलेली एक शेंग उचलून पाटीत टाकली.

बाईचं नाव सगुणाबाई. नदीवर नवा घाट बांधताना तिची झोपडी गेली. तेव्हापासून ती जुन्या घाटाच्या कमानीखाली राहत होती. तिच्याजवळ एक गाठोडं होतं आणि ठमी नावाची एक म्हातारी, लंगडी कुत्री. शेजारपाजार होता तो पांगला, ही तेवढी राहिली.

विश्वंभर मठात आला तो सगळं सोडून. कॉलेजातली नोकरी सोडली, नाशिकचं घर सोडलं, आई धाकट्या भावाकडे सोडली. हे सगळं सुटलं. सुटलं नव्हतं ते फक्त सांगणं. मठात येणाऱ्या प्रत्येकाला हे एकदा तरी ऐकावं लागे.

त्याला अनुग्रह हवा होता. बुवा म्हणाले होते, "त्या बाईला आधी आत आण. मग बोलू."

गोठ्यातली गाय सोडली तर मठात जनावर नको, हा नियम विश्वंभरनंच घातला होता. बुवांनी नको म्हटलं नव्हतं. ते सहसा कशालाच नको म्हणत नसत. गाभाऱ्यातल्या दत्ताच्या पायाशी चार कुत्री होती. ती दगडाची असल्यामुळे कोणाची हरकत नव्हती.

"कुत्रीची सोयसुद्धा करतो म्हटलं मी," विश्वंभर म्हणाला. "मळ्यातल्या एका भल्या घरी ठेवतो तिला. खायला-प्यायला भरपूर मिळेल."

"मग काय म्हणाली?"

"म्हणाली, तिला कुणीबी ठेवंल, महाराज. मला कोन ठेवंल?"

बुवांचा शेंग सोलणारा हात थांबला...

"उत्तर काय दिलंस?"

"उत्तर काय देणार? अज्ञान आहे ते."

बुवा गुडघ्यांवर हात ठेवून उठले. "चल," म्हणाले. "मी येतो."

ऊन उतरायला आलं होतं. कमानीखाली सगुणाबाई पोतं पांघरून बसली होती. अंग गदगदा हलवून खोकत होती. विश्वंभरला पाहताच तिनं ठमीच्या गळ्यातली चिंधी घट्ट धरली.

बुवा तिच्याशी काही बोलले नाहीत. ते ठमीसमोर बसले.

ठमी गुरगुरली. बुवा बसून राहिले. विश्वंभर घसा खाकरून काही बोलणार होता, बुवांनी हातानंच त्याला गप्प केलं.

बऱ्याच वेळानं ठमीनं नाक पुढं करून त्यांची बोटं हुंगली.

"हात लावू का हिला?" बुवांनी विचारलं.

"चावंल."

"चावू दे."

ठमी चावली नाही. बुवांनी तिचा पाय उचलून पाहिला. नखाशी चिघळलं होतं. कानात गोचिड्या भरल्या होत्या.

"कधीपासून लंगडते?"

आणि सगुणाबाई बोलायला लागली. पाय कसा गाडीखाली आला, तेव्हा हळद कशी भरली, हिला ज्वारीची भाकर चालते पण शिळी चालत नाही, फटाके वाजले की ही पोटाखाली कशी शिरते... विश्वंभर इतके दिवस येत होता. या बाईला इतकं बोलता येतं, हे त्याला आज कळलं.

"गुरांचे डॉक्टर उद्या सकाळी मठात येतात," बुवा म्हणाले. "आमच्या गाईला बघायला. हिचा पायही बघतील. पण आज हिला ऊब पाहिजे. मी घेऊन जाऊ हिला?"

बाईचा चेहरा उतरला. "जनावर घेत न्हाईत म्हनं तुमच्यात."

बुवांनी विश्वंभरकडे पाहिलं.

विश्वंभर नदीकडे पाहत राहिला...

"ही पाहुणी आहे," बुवा म्हणाले. "हिच्याबरोबर कोण आहे?"

"मी हाय की."

"मग तुम्हालाही यावं लागेल, बाई. परक्या जागी हिला एकटीला करमायचं नाही. तेवढी तसदी घ्या."

सगुणाबाईनं थोडा विचार केला. मग पोतं झटकलं, गाठोडं काखेत मारलं.

"येते," ती म्हणाली. "हिच्यासाठी येते."

"तेच म्हणतोय मी."

मठाच्या दारात ठमी थांबली. उंबऱ्याशी बसली आणि मागं वळून पाहू लागली. सगुणाबाई धापा टाकत पायऱ्या चढत होती. ती आत गेली, तेव्हा ठमीही आत गेली.

ओवरीत विश्वंभरनंच पोती अंथरली, घोंगडी दिली, पान वाढलं. बाईनं पहिला घास ठमीला घातला. विश्वंभरच्या ओठावर काहीतरी आलं होतं, ते त्यानं गिळलं. एवढं त्याचं कौतुक करायला हवं.

जेवण झाल्यावर सगुणाबाई तिथंच आडवी झाली. ठमी तिच्या पाठीला चिकटून निजली. खोकला चालूच होता, पण आता ती पांघरुणात होती.

विश्वंभर बुवांसमोर येऊन बसला.

"बुवा, ती आली. पण तुम्ही आणलीत."

"हो."

"आणि तिचा मोह तसाच राहिला. उलट आपणच त्याला घोंगडी घातली."

"हो."

"मग मी चुकलो कुठं? ती एक कुत्रं सोडायला तयार नव्हती, तिला आत जागा. मी सगळं सोडून आलो, आणि मी अजून अनुग्रहाची वाट पाहतोय."

बुवांनी त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, हे विश्वंभरला जास्त लागलं.

"तू आलास, तेव्हा तुझ्याबरोबर कोण होतं?"

"कोणीच नाही." हे सांगताना त्याची मान नकळत ताठ झाली.

"मग जा," बुवा म्हणाले. "कोणाला तरी बरोबर घेऊन ये. मी एकट्याला अनुग्रह देत नाही."

"कोणाला आणू?"

बुवांनी शेंगांची पाटी पुन्हा जवळ ओढली...

"मला काय विचारतोस? सोडून तू आलास."