वाऱ्याच्या वाटणीचे दही

एका राज्यात, अगदी समुद्राच्या कुशीला, दोन वारे आळीपाळीने नांदत असत. ज्येष्ठात खारा वारा पैलतीराहून यायचा, ढग आणायचा आणि चार महिने पाहुणा राहायचा. आश्विनात तो निघाला, की घाटावरचा कोरडा वारा खाली उतरायचा आणि गलबतांना पैलतीरी न्यायचा. कोरड्याने जावे, खाऱ्याने यावे. राजाची चाळीस गलबते अशीच जात-येत, आणि चाळीस घरांतल्या बायका त्याच बेताने वाट पाहत.

निघालेल्या माणसाच्या हातावर दही घालावे म्हणजे तो परत येतो, हे सगळेच जाणतात. त्या राज्यातले लोक एक पाऊल पुढे होते. ते वाऱ्यालाही दही घालत. बंदराच्या टोकाला एक काळा खडक होता, त्याला 'वाऱ्याचा हात' म्हणत. आश्विनात खारा वारा निघाला, की त्यावर दही ठेवायचे आणि म्हणायचे, "परत ये." हा मान एकाच घराण्यातल्या बाईचा, आणि तेव्हा तो सुरंगीकडे होता.

ही गोष्ट घडली त्या वर्षीच्या वैशाखातच सुरंगीचे लग्न झाले होते. नवरा भैरोजी, चाळिसावे गलबत हाकणारा तांडेल. लग्नानंतर तो पहिल्यांदाच निघत होता, आणि नेमके त्या सकाळी मांजराने दह्याचे मडके पालथे केले. खापराला चिकटून राहिले ते एका तळहातापुरते.

सुरंगीने फार विचार केला नाही. ते दही तिने भैरोजीच्या हातावर घातले. खडकावर तिने पानाच्या डब्यातला ओला चुना फासला. पांढऱ्याला पांढरे, वाऱ्याला काय कळते, असे तिला वाटले.

वाऱ्याला कळले. त्याने खडक चाटला आणि त्याची जीभ पोळली. "जिने मला चुना चारला, तिच्या किनाऱ्याला मी तोंड दाखवणार नाही," असे म्हणून तो गेला. लोकांना ती नुसती एक झुळूक वाटली. शब्द ऐकले ते एकट्या सुरंगीने.

पुढचा ज्येष्ठ आला, वारा आला नाही. दुसरा गेला, तिसरा गेला. विहिरींना तळ दिसू लागले. पैलतीरी चाळीस गलबते शिडे गुंडाळून पडली. राजाला लोकांची दया आली, तेव्हा त्याच्या मांत्रिकाने आकाशभर मंत्राचे छत ताणले, आणि निदान ऊन तरी लागेनासे झाले.

रोज संध्याकाळी एकोणचाळीस बायका सुरंगीच्या ओटीवर येत. "तू दही ठेवले होतेस ना? मग येईल," असे म्हणत आणि तिच्याच खांद्यावर रडत. सुरंगी त्यांचे डोळे पुसायची. स्वतःचे पुसायला मात्र कुणी उरत नसे, आणि खरे सांगितल्यावाचून तिला रडताही येत नव्हते. तिच्याइतके एकटे माणूस त्या राज्यात दुसरे नव्हते.

एका दुपारी परसातल्या उंडीच्या झाडावरून आवाज आला. पंखाला लागल्यामुळे थव्यामागे राहिलेला एक चातक तिथे बसला होता. तीन वर्षे थेंब न मिळाल्याने त्याचा घसा फाटला होता.

"मी चुना पाहिला होता," चातक म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो. आता थांबवत नाही. तीन कामे कर. छत उतरव. भुई तापली, की तिच्यावरची हवा वर जाते, जागा मोकळी होते आणि त्या जागेत वारा येतो. गार भुईला भेटायला कोण येईल? मग घाटावरच्या कोरड्या वाऱ्याला वाट सोडायला सांग. तिसरे काम खडकापाशी. खाऱ्या वाऱ्याच्या वाटणीचे दही भैरोजीच्या हातावर आहे. ते परत माग."

"ते मागितले तर भैरोजी येतील कशाने?"

चातकाने चोच पंखात खुपसली.

सुरंगी दरबारात गेली. राजाने विचारले, "बाई, छत का उतरवावे?" कारण सांगायचे तर चुना सांगावा लागणार होता. तिने भर दरबारात सगळे सांगितले. मांत्रिकाने मुकाट्याने छत गुंडाळले, आणि त्या दिवसापासून तिच्या ओटीवर एकही बाई फिरकली नाही. भुई तव्यासारखी तापली.

मग ती घाट चढली. खिंडीत कोरडा वारा गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. म्हातारा, धुळीने माखलेला.

"आजोबा, वाट सोडा," ती म्हणाली.

"सोडतो, पोरी. माझी पाळी संपूनही तीन वर्षे मी बसून आहे, कारण 'आता ऊठ' म्हणायला कोणी आले नाही. माझ्या पाठीवर बसून सगळे जातात, गुण मात्र परत आणणाऱ्याचे गातात. तू क्षणभर बैस."

सुरंगी दिवसभर बसली. दोघांनाही बरे वाटले. ऊन कलताना म्हातारा उठला आणि डोंगरापलीकडे झोपायला गेला.

उरला खडक. सुरंगीने चुन्याचा शेवटचा कण नखाने खरवडला. समुद्राकडे तोंड केले. त्या तळहातावरच्या दह्याच्या भरवशावर ती तीन वर्षे जगली होती. तेही गेले, तर घरी जाऊन ती करणार काय? ओहोटी लागेपर्यंत ती उभी राहिली, आणि मग म्हणाली, "भैरोजी, तुमच्या हातावरचे दही मी परत घेते. तुम्ही या, किंवा येऊ नका. वाऱ्या, ते तुझे आहे. तू ये."

खडकावर दह्याचा गोळा आला, तीन वर्षांत जराही न आंबलेला. क्षणात कोणीतरी तो चाटून नेला.

आठव्या दिवशी खारा वारा आला. ढग आले, चातकाने चोच उघडली, विहिरी भरल्या. पाठोपाठ एकोणचाळीस गलबते आली. बायकांनी आपापली माणसे ओळखून घरी नेली. दारे लागली, चुली पेटल्या. सुरंगी भिजत बंदरावर उभी राहिली. तिने गलबते पुन्हा मोजली नाहीत.

दुसऱ्या दिवशी, दुपार टळल्यावर, चाळिसावे शीड दिसले.

भैरोजी उतरला. केस पिकले होते. तो तिच्यापासून चार पावलांवर थांबला.

"सगळे काल आले," सुरंगी म्हणाली.

"हो. तीन वर्षे हा हात इकडे ओढत होता. जेवू देईना, झोपू देईना. एके सकाळी उठलो, तर ओढ नाही. वारा सुटला, सगळ्यांनी शिडे उभारली. मी दिवसभर वाळूवर बसलो."

"मग?"

"मग मीही उभारले."

त्या एका दिवसात त्याच्या मनात काय आले-गेले, ते सुरंगीने जन्मात कधी विचारले नाही. दोघे पावसात घरी गेली, आणि राज्यात दोन्ही वारे पुन्हा आळीपाळीने नांदू लागले. पुढे घाटावरच्या म्हाताऱ्यालाही दरसाल दह्याची एक वाटी जाऊ लागली. तसे तुमचे-आमचे लांब गेलेले माणूस, कुणी न ओढता, आपल्या मनाने घरी येवो.