मासळी बाजाराची शेड

खाडीकाठच्या एका नगरपंचायतीत नगराध्यक्ष दिनकरराव खोत यांनी सभेपुढे कागद ठेवला. मासळी बाजाराची शेड बांधून झाली, बिलाला मंजुरी द्यावी. प्रत्यक्षात कोळणी अजून उन्हातच बसत होत्या. पण अध्यक्षांना तोंडावर कोण सांगणार?

नगरसेविका सुगंधा तांडेल उठल्या. त्या स्वतः त्याच बाजारात मासळी विकत.

"मंजुरी देऊ, साहेब. पण शेडला तुमच्या वडिलांचं नाव द्यायचं. पाटी मी आजच लावून घेते."

दिनकरराव सुखावले. "लावा की, ताई."

"मग चला, कुठल्या खांबावर लावू तेवढं दाखवा."

दिनकररावांनी कागद मागे घेतला. दोन महिन्यांत कोळणींच्या डोक्यावर छप्पर आलं.